खापरपणजीला काळ्या पाण्यावर पाठवलं होतं (माढा तालुका, १८८५ च्या आसपास). तिचा माग कुठे काढावा?

भीमाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, सासर-माहेर दोन्ही याच जिल्ह्यातलं. एका बाईला शोधतेय आणि जाणकारांची मदत हवी आहे.

माझ्या आईची आजी, म्हणजे माझी पणजी, लहानपणापासून बार्शीला मामाकडे वाढली. वडील आधीच गेले होते. आईबद्दल विचारलं की "काशीला गेली, तिकडेच राहिली" एवढंच सांगायचे. पणजीने म्हातारपणी माझ्या आईला खरं काय ते सांगितलं. आईचं वय तेव्हा पंधरा-सोळा असेल, आज ती सत्त्याऐंशीची आहे आणि डोकं लख्ख आहे. तिने ते इतकी वर्षं पोटात ठेवलं आणि गेल्या दिवाळीत मला सांगितलं.

खापरपणजी विशीच्या आत विधवा झाली. सोवळी केलेली, पदरात एक मुलगी. दोन-तीन वर्षांनी दिवस गेले. कुणापासून ते आईला ठाऊक नाही, पणजीलाही ठाऊक नव्हतं. मूल झालं आणि विहिरीत सापडलं. पोलीस पाटलाने वर्दी दिली, तिला माढ्याला आणि तिथून सोलापूरला नेलं. खटला चालला. काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पणजी तेव्हा तीन-चार वर्षांची. आईचा चेहरा आठवत नाही, पण बैलगाडीमागे पळाल्याचं आठवतं, असं ती सांगायची.

सासरकडच्यांचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात खापरपणजोबांच्या नावापुढे "निर्वंश" लिहिलंय. बायकोचं नाव नाही, मुलीचं नाही. मी, माझी आई, माझी मुलं, आम्ही कुणी त्या कागदावर नाहीच.

मला विचारायचंय ते असं: खटल्याचे कागद आज कुठे असतील? ती खरोखर अंदमानला पोचली का? पोचली असेल तर पुढे काय झालं? तिचं नाव माझ्याकडे आहे, पण घरातले सगळे अजून तयार नाहीत म्हणून इथे देत नाही.


हुतात्माचौक

ताई, वाचून गलबलून आलं. आम्ही सोलापूरकर इंग्रजांनी फाशी दिलेल्या धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे या चौघा हुतात्म्यांना १२ जानेवारीला हार घालतो, मार्शल लॉच्या गोष्टी पोरांना सांगतो. या बाईचं नाव घ्यायला मात्र तिचंच घर तयार नव्हतं.

सेल्युलर जेलमध्ये कैद्यांच्या नावांचे फलक लावलेत, मी स्वतः पाहिलेत. तिथे चौकशी करून बघा.


वकीलगल्ली

हुतात्माचौक, ते फलक राजकीय कैद्यांचे आहेत. शिवाय सेल्युलर जेल १८९६ ला बांधायला घेतलं आणि १९०६ ला पूर्ण झालं. ताईंची खापरपणजी १८८५ च्या सुमाराला गेली असेल तर तेव्हा ती इमारत नव्हतीच. अंदमानची वसाहत मात्र मार्च १८५८ पासूनची, सत्तावनच्या उठावातल्या कैद्यांपासून सुरू झालेली.

आता कायद्याचं बोलतो, कारण कागद कुठे असतील ते त्यावरूनच कळतं.

भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ ला लागू झाली. कलम ३०२ खाली खुनाला दोनच शिक्षा होत्या, फाशी नाहीतर जन्माचं काळं पाणी. खून शाबीत झाला की सेशन्स जज्जाला त्याहून कमी देण्याची सोयच नव्हती. नवजात मूल असो, आई एकोणीस वर्षांची असो, बाळंत होऊन दोन दिवस झालेले असोत. जन्म लपवल्याचं कलम ३१८ वेगळं होतं, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा सगळा खेळ कोणतं कलम लागलं यावर. विहिरीत सापडलेलं मूल जिवंत जन्मलं होतं का, हे डॉक्टरने काय लिहिलं त्यावर एका बाईचा जन्म ठरायचा.

फाशी झाली असती तर ती कायम करायला कागद हायकोर्टात जायचे. थेट काळं पाणी दिलं असेल तर तशी गरज नव्हती, कुणी अपील केलं असेल तरच. पण अशा खटल्यांत जज्ज बऱ्याचदा सरकारला शिफारस करायचे की कायद्याने माझे हात बांधलेले आहेत, आपण दया दाखवावी. शिक्षा कमी करायचा अधिकार सरकारचा. म्हणजे फाईल मुंबई सरकारच्या न्याय खात्यात गेली असण्याचा चांगला संभव आहे. सोलापूरच्या कोर्टाच्या रेकॉर्डात शोधत बसण्याआधी मुंबईच्या पुराभिलेखागारात जा. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. न्याय खात्याचे खंड वर्षवार आहेत आणि त्यांना अनुक्रमणिका असते.

एक सावधगिरी. शिक्षा काळ्या पाण्याची झाली म्हणजे बाई समुद्रापार गेलीच असं धरू नका. वय, प्रकृती पाहून काहींना इथल्याच तुरुंगात ठेवायचे.


मोडीवेडा

+१ वकीलगल्ली यांना.

जिल्ह्याबद्दल थोडं, कारण पुढे कुणी दुसरं हा धागा वाचून शोधायला बसेल. आजचा सोलापूर जिल्हा तेव्हा जसाच्या तसा नव्हता. १८३८ नंतर तो नगरच्या पोटात होता, १८६४ ला तो उपजिल्हा मोडला, १८७१ ला पुन्हा जुळवला. त्यात सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा, आणि साताऱ्याकडून पंढरपूर, सांगोला. माळशिरस १८७५ ला आलं. म्हणजे माळशिरसची १८७० ची बाई साताऱ्याच्या कागदांत शोधायची. अक्कलकोट तर संस्थान, तिथला कारभारच वेगळा. ताईंच्या बाबतीत माढा आणि १८८५, तेव्हा सोलापूरच. निश्चिंत राहा.

गावाकडेही काम आहे. मराठा-कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हा तहसिलातली जुनी दप्तरं बाहेर निघाली, बऱ्याच जिल्ह्यांनी ती स्कॅनही केली. गाव नमुना १४, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात जन्ममृत्यू असतात आणि जुनी पानं मोडीत आहेत. लोकांनी ती जातीच्या रकान्यासाठी चाळली. तुम्ही मृत्यूच्या कारणाचा रकाना बघा. बाळाची नोंद मिळाली तर तारीख हातात येते, आणि तारीख हातात आली की मुंबईत खंड शोधणं निम्म्याने सोपं.

बार्शीच्या मामांच्या घरी जुने कागद आहेत का? मोडीत काही असेल तर फोटो टाका. नावं झाकून.


भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो इथे टाकत नाही, मोडीवेडा यांना निरोपातून पाठवलाय.

बार्शीच्या मामेघरी पत्र्याची ट्रंक होती. त्यात एक कागद मिळाला, चार घड्या घातलेला. घड्यांवर फाटलाय आणि मागून कुणीतरी वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवल्यात. वरच्या कोपऱ्यात तांबूस डाग आहे, शाई मात्र अजून काळीभोर. खाली सही नाही, त्यामुळे हा पाठवलेला अर्ज नसून घरी ठेवलेला मसुदा असावा असं वाटतं. डावीकडच्या समासात कुणीतरी बाळबोध लिपीत पणजीचं नाव लिहिलंय. फक्त नाव, पुढे-मागे काही नाही.

मला मोडी येत नाही. ते एक नाव मला वाचता आलं.


मोडीवेडा

ताई, वाचला. भाऊ लिहितोय, कलेक्टर साहेबांना. शके १८०७, म्हणजे मार्च १८८५ ते मार्च १८८६ मधलं वर्ष. आषाढ महिना आहे, तिथीचा भाग घडीत गेलाय. तुमचा अंदाज बरोबर होता.

थोडक्यात आशय असा. बहिणीला सोलापुरातून ठाण्याच्या तुरुंगात नेल्याचं समजलं, त्यानंतर काही खबर नाही. ती जिवंत आहे का, कुठे आहे, एवढं सरकारने कळवावं. तिची मुलगी माझ्याकडे आहे आणि ती आईला विचारते. सुटकेची मागणी नाही. बहीण निर्दोष आहे असंही तो म्हणत नाही. फक्त कुठे आहे ते विचारतो, दोनदा.

समासातलं नाव वेगळ्या हाताचं आहे. लिहिणाऱ्याला नुकतं लिहायला आलं असावं, अक्षर रेघेवर बसत नाही.


अंदमानवारी

नोकरीमुळे पोर्ट ब्लेअरला (आता श्रीविजयपुरम) बरीच वर्षं काढली. तिथे या विषयात गोडी लागली, म्हणून सविस्तर लिहितो.

ठाण्याचा उल्लेख फार महत्त्वाचा. मुंबई इलाख्यातल्या काळ्या पाण्याच्या कैद्यांना ठाण्याला गोळा करून पुढे रवाना करायचे. सावरकरही १९११ ला ठाण्याहून रेल्वेने मद्रासला आणि तिथून 'महाराजा' बोटीने गेले. ताईंच्या खापरपणजीला कोणत्या बंदरातून नेलं ते फाईलच सांगेल. पण मद्रासमार्गे नेलं असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. मुंबईचा रूळ १८६० ला सोलापूरला आला आणि १८७१ ला रायचूरला मद्रासकडच्या रुळाला जोडला गेला. म्हणजे तिची गाडी माढा तालुका ओलांडून, सोलापूर स्टेशनावरूनच पुढे गेली असणार.

बायकांचा तुरुंग वेगळा, साउथ पॉइंटला. कैद्यांच्या अंगावरचं कापड तिथल्या बायका विणायच्या. पुरुष कैद्यांच्या मानाने बायका फारच थोड्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा खुनाच्या आरोपाखाली आलेल्या. नवऱ्याचा खून नाहीतर मुलाचा. गळ्यात पाटी असायची, तिच्यावर कैद्याचा नंबर, कलम आणि शिक्षेची तारीख. तो नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण तिथल्या कागदात नावापेक्षा नंबर चालतो. नाव लिहिणारा कारकून बंगाली नाहीतर मद्रासी, मराठी नावाचं तो काय करेल सांगता येत नाही.

आता १९०० च्या सुमाराचे नियम. बाईला पाच वर्षं झाली की लग्नाला किंवा घरकामाच्या नोकरीला परवानगी मिळू शके. लग्न कुणाशी, तर ज्या पुरुष कैद्याला दहाएक वर्षांनी तिकीट मिळून स्वतःचं शेत, घर करायची मुभा मिळालीय त्याच्याशी. अधिकाऱ्यांची मंजुरी लागायची. धर्म बघायचे, जात फारशी नाही. लग्न केलेली बाई पंधरा वर्षांनी नवऱ्यासोबत सुटून परत येऊ शके, मात्र दोघांची मुदत भरेपर्यंत थांबावं लागे. लग्न न केलेल्या बाईला वीस वर्षं.

म्हणजे ताई, सोलापुरात जिला माणसांनी पुन्हा लग्न करू दिलं नाही, तिला तिथे सरकारने लग्नाची परवानगी देऊन गाव वसवायला लावलं. वसाहतीला माणसं हवी होती, बाईच्या सुखाचा विचार त्यात नव्हता. तरी काही बायकांना तिथे घर मिळालं, मुलं झाली. त्यांचे वंशज आजही आहेत, लोकल बॉर्न म्हणतात. १९४२ आधीपासून तिथे असलेल्या कुटुंबांना प्री-४२ म्हणून सरकारदरबारी ओळख आहे. घरात हिंदुस्थानी बोलतात. पणजोबा बंगालचे, पणजी कानडी मुलखातली, असं तिथे सहज ऐकायला मिळतं. तुमच्या पणजीची सावत्र भावंडं तिथे झाली असतील, हे मनात ठेवून शोधा.

वाईट बातमी ही की मार्च १९४२ ते १९४५ बेटं जपान्यांकडे होती आणि तिथले बरेचसे जुने कागद त्या काळात गेले. त्यामुळे पोर्ट ब्लेअरला विमानाने जायची घाई नको. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याची 'पोर्ट ब्लेअर' शाखा म्हणून वेगळी मालिका आहे. सुटका, दयेचे अर्ज, बदल्या, सगळं तिथे. 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं. शोधताना इंग्रजी स्पेलिंग जुनं टाका, सोलापूरचं 'शोलापूर'. नावाची चार-पाच रूपं करून बघा आणि नुसतं 'फीमेल कन्व्हिक्ट' टाकूनही वर्षवार चाळा.


जुनेजाणते

मला वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. ज्या गोष्टीने त्या घराने इतकी वर्षं मान खाली घातली ती उकरून काय साधणार? तुमच्या आईंनी ती ठेव जपली त्याला कारण असेल. शेवटी एक जीव गेला होता. त्या बाळाचं कुणी बोलत नाही इथे.


पंढरीची

जुनेजाणते, बाळाचं मीच बोलते.

आमच्या पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर नावाचे न्यायाधीश होते, प्रार्थना समाजाचे. १८७५ साली त्यांनी इथे बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, अडलेल्या विधवेला मूल मारावं लागू नये म्हणून. पंढरपुरातच का? कारण यात्रेच्या गर्दीत कुणी कुणाला विचारत नाही. लांबलांबून घरची माणसंच अडलेल्या विधवेला 'वारीला नेतो' म्हणून आणायची, ती बाळंत व्हायची आणि मूल वाळवंटात, नाहीतर कुठे आडोशाला टाकून परत. खटल्यात बाई उभी असायची. तिला आणणारे नसायचे आणि मुलाचा बापही नसायचा.

पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ लाच असं गृह सुरू केलं. त्याचं कारण जोतीरावांनी पुढे १८८४ च्या निवेदनात लिहून ठेवलंय. त्यांच्या स्नेह्यांच्या घरी स्वयंपाकाला असलेली काशीबाई, विधवा, तिने जन्मलेलं मूल मारलं आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला पाठवलं. १८८१ ला सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचं असंच प्रकरण झालं. आधी फाशी, मग काळं पाणी, मग पाच वर्षं. वर्तमानपत्रांनी बायकांच्या नावाने शिमगा केला तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी लेखणी उचलली. ताईंच्या खापरपणजीचं प्रकरण त्यानंतर चारच वर्षांनी झालंय. त्याची तेव्हा कुणी बातमी केली असेल असं वाटत नाही.

माढ्याहून पंढरपूर लांब नाही. १८८५ ला इथलं गृह सुरू होऊन दहा वर्षं झाली होती. तिला कुणी सांगितलं असतं तर ती वाचली असती, बाळही वाचलं असतं. मला राग येतो तो याचा. मान खाली कुणी घालायला हवी होती ते सांगा.


सेटलमेंटची लेक

मी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढले. बाहेरच्यांना सांगते, १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा, त्याखाली आमच्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलेलं होतं. हजेरी द्यायची, पास घेऊन गिरणीत कामाला जायचं, वेळेत परत. माझ्या आजीने काहीच केलं नव्हतं, तिचा जन्म तारेच्या आत झाला एवढाच गुन्हा. कायदा १९५२ ला गेला, पण शाळेत हजेरीला आडनाव घेतलं की मास्तर वर बघायचे ते मला आठवतं.

म्हणून सांगते जुनेजाणते, 'उकरणं' हा शब्द आम्हीही फार ऐकलाय. आमच्या घरात माणसं होती आणि सरकारच्या रजिस्टरात ती गुन्हेगार होती. त्याच रजिस्टरातून मी माझ्या पणजोबांचं वय, उंची, हातावरच्या गोंदणाची खूण, सगळं मिळवलं. त्यांचा फोटो नाही आमच्याकडे. ते वर्णनच आहे.

ताई, तुरुंगाचा कागद मिळाला तर 'खुणा' लिहिलेल्या असतात का बघा. उंची, रंग, कपाळावर किंवा हनुवटीवर गोंदण. तुमच्या पणजीला आईचा चेहरा आठवत नव्हता म्हणालात ना.


दूरदेशी

मूळचा बार्शीचा, सध्या ऑस्ट्रेलियात. इथला अनुभव सांगतो.

१७८८ ते १८६८ मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधून सुमारे १,६२,००० कैदी इथे आणले, त्यांत सुमारे २५,००० बायका. चोरी हा बहुतेकींचा गुन्हा. होबार्टच्या कॅस्केड्स फीमेल फॅक्टरीत मी गेलो होतो. नाव फॅक्टरी, प्रत्यक्षात बायकांचा तुरुंग. आज ते जागतिक वारसा स्थळ आहे. माझ्या शेजारच्या आजी तिथे खास जाऊन आल्या, त्यांची खापरपणजी तिथली. इथेही दोन-तीन पिढ्या लोकांनी हे लपवलं होतं, कागद जाळायच्या गोष्टी निघायच्या. आता दिवाणखान्यात फ्रेम लावतात. फरक पडला तो कागद उघडे झाल्यामुळे. टास्मानियात प्रत्येक बाईचं पान आहे, कोणत्या बोटीने आली, कुणाशी लग्न केलं, कधी सुटली, आणि ते कुणालाही बघता येतं. आपल्याकडचे कागद तेवढे उघडे व्हावेत असं फार वाटतं.


जुनेजाणते

पंढरीची आणि सेटलमेंटची लेक, तुमचं वाचलं. बाळाला टाकायला भाग पाडणाऱ्यांचं मी धरलं नव्हतं. ताई, शोधा. माझा एक आतेभाऊ मुंबईत पुराभिलेखागाराच्या जवळच राहतो, उतरायची सोय लागली तर निरोप करा.


भीमाकाठ

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माहिती आहे.

कोतवाल बुकात बाळाची नोंद मिळाली नाही, त्या गावाची तेवढ्या वर्षांची पानंच नाहीत. मग सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेले. सकाळी सीएसएमटीला उतरून चालतच काळा घोडा. वकीलगल्ली, तुमच्या सांगण्याप्रमाणे न्याय खात्याची अनुक्रमणिका मागितली, १८८४ पासून. वाचनालयातल्या बाईंनी खूप मदत केली. इंग्रजी वळणदार अक्षर वाचायला त्याच शेजारी बसल्या.

१८८५ च्या अनुक्रमणिकेत ती आहे. स्पेलिंग विचित्र, पण नवऱ्याचं नाव आणि गाव जुळतं. खंड काढून दिला. तीनच पानं. सेशन्स जज्जाने कलम ३०२ खाली जन्माचं काळं पाणी दिलं आणि वकीलगल्ली म्हणाले तसंच, सरकारने दयेने विचार करावा अशी शिफारस केली. वय एकवीस लिहिलंय. बाळंत होऊन चौथ्या दिवशी तिचा जबाब घेतला होता. खाली सरकारचा ठराव, दोन ओळींचा. सध्या ढवळाढवळ करण्याचं कारण दिसत नाही, काही वर्षं गेल्यावर तिचा अर्ज आला तर बघू, असा अर्थ. जबाबाची प्रत फाईलला नाही. खुणांचा कागदही नाही, सेटलमेंटची लेक.

फाईलमध्ये 'एक मूल, मुलगी, हयात' असं लिहिलेलं आहे. कुलवृत्तांतात जी नाही ती सरकारच्या कागदात आहे. आईला फोनवर वाचून दाखवलं. तिने मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली आणि मग म्हणाली, नाव टाक आता, कुणाला विचारू नको. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय, त्या मंडळींना मी या पानांच्या नकलेसह पत्र पाठवलंय.

आता पुढे काय शोधू? ती पोचली का हे अजून कळलेलं नाही.


अंदमानवारी

ताई, वा! उत्तम काम.

ठरावातली 'काही वर्षांनी अर्ज आला तर बघू' ही ओळ पकडा. म्हणजे दुसरी फाईल असू शकते. १८८५ ला शिक्षा धरली तर लग्न केलं असल्यास सुटकेचा विचार १९०० च्या आसपास, नाहीतर १९०५. दिल्लीच्या पोर्ट ब्लेअर शाखेत १८९९ ते १९०७ चाळा. सुटकेचा विचार झाला की पोर्ट ब्लेअरहून मूळ जिल्ह्याला पत्र यायचं, बाईला परत घ्यायला कुणी आहे का, म्हणून. त्यामुळे मुंबईच्या खंडातही त्याच वर्षांत सोलापूरच्या मॅजिस्ट्रेटचं उत्तर असू शकतं. ते उत्तर कुणाला विचारून दिलं, सासरला की बार्शीच्या भावाला, ते नक्की बघा.


मोडीवेडा

आणि तसं पत्र सोलापूरला आलं असेल तर मामलेदारामार्फत गावच्या पाटलाकडे गेलं असणार, म्हणजे चौकशीचा जबाब मोडीत. सापडला तर मी आहेच.


भीमाकाठ

१८९९ पासून सुरू करते. 'अभिलेख पटल'वर त्या वर्षांत शोलापूरच्या एका स्त्री कैद्याची नोंद दिसतेय, नाव अर्धवट आहे आणि पानं स्कॅन झालेली नाहीत. मूळ फाईल दिल्लीलाच बघावी लागेल. इथलं कुणी पुढच्या महिन्यात दिल्लीच्या अभिलेखागारात जाणार असेल तर निरोप करा, फाईल क्रमांक देते. नाहीतर मीच तिकीट काढते.